बंद रिसीव्हरची गुणगुण

मी एक जुना रिसीव्हर आहे, मित्रांनो. रेडिओ लावायचं आणि गाणी मोठ्यानं ऐकवायचं यंत्र. लाकडी पेटी, चार जाड बटणं आणि हिरवट उजेडाची काच, असं माझं रूप. मला घरी आणणारे गृहस्थ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी होते. त्यांच्या बोटांची शाई माझ्या बटणांच्या खाचांत अजून आहे. पाहुणे आले की ते म्हणायचे, "आधी याला ऐका, मग चहा." माझी छाती फुगायची.

ते वारले. मग त्यांच्या पत्नी मला रोज दुपारी लावून बसू लागल्या. घरात सगळे त्यांना आई म्हणतात, मीही म्हणतो.

माझ्या पोटात कपॅसिटर नावाचे छोटे डबे आहेत. भिंतीतून वीज लाटांसारखी उसळत येते. ते तिला शांत करून पुढे पाठवतात. चाळीस वर्षांनी ते डबे आतून सुकले, माथ्यावर फुगले आणि विजेचा घूंऽऽ असा आवाज थेट माझ्या घशात उतरला. बटण शून्यावर नेलं तरी तो थांबेना. आई मान हलवायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "हं, ऐकतेय मी."

 ते ऐकून लेकीनं दुरुस्तीवाल्याला फोन केला. "आईला वाटतं, त्यात बाबा आहेत. तेवढा घेऊन जा, परत आणूच नका."

तो आला, तर आई आडव्या आल्या. "न्यायचा नाही. माझ्यासमोर उघडा."

त्यानं मला जेवणाच्या टेबलावर ठेवून झाकण काढलं. "बघा मावशी, चार फुगलेत. असंच चाललं असतं तर एक दिवस धूर निघाला असता."

"ऐकलंस ना, आई? बाबा नाहीत गं त्यात," लेक म्हणाली.

आई शांतपणे म्हणाल्या, "ते तुझे बाबा आहेत असं मी कधी म्हटलं? त्यांना जन्मात सूर लागला नाही. हा सुरात आहे. कोण आहे ते कळेना, म्हणून तुला याच्याजवळ एकटं सोडवेना. रोज राखण करत बसते मी."

लेक टेबलापासून एक पाऊल मागे सरकली. दुरुस्तीवाला मात्र हसला. "अहो, वीज आहे ती."

"प्लग काढल्यावरही?" आईंनी विचारलं.

"मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडी उरते. म्हणून तर आधी ती उतरवून घेतो, नाहीतर झटका बसतो."

"आवाज निघण्याइतकी किती वेळ उरते?"

"अर्धा मिनिट. अगदी फार तर एक."

"मी दीड तास मोजलाय. समोर घड्याळ ठेवून."

त्याच्या हातातली, तारांना डाग देऊन जोडायची तापलेली कांडी तशीच अधांतरी राहिली. मग तो खाली मान घालून कामाला लागला. एकेक जुना डबा काढायचा, कुठलं टोक कुठे होतं ते कागदावर लिहायचं, नवा बसवायचा. टोकं उलटी जोडली तर डबा फुटतो. शेवटी त्यानं मला वीज दिली. काच उजळली आणि घूं नाहीसा झाला. इतकी स्वच्छ शांतता मी कैक वर्षांत ऐकली नव्हती.

तो गेल्यावर लेकीनं माझा प्लग काढला, आईशेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "चल, बसू दीड तास."

दोघी हातात हात घेऊन बसल्या. काही ऐकू आलं नाही. "गेला वाटतं," आई म्हणाल्या आणि बसल्या जागीच त्यांचा डोळा लागला. लेक उठली नाही. आता ती राखण करत होती.

मित्रांनो, जुनं यंत्र घुमू लागलं तर ते चालू ठेवू नका, जाणत्या हाती द्या. आणि त्याच्याजवळ घरातलं कुणी रोज बसत असेल, तर डोकं फिरलंय म्हणून मोकळे होऊ नका. काय ऐकू येतं ते विचारा आणि शेजारी बसा. विजेचा घूं माझाच होता, हे मी कबूल करतो. पण प्लग काढल्यावर माझं तोंड मिटलेलं होतं. आईंनी घड्याळ ठेवून मोजलेला तो दीड तास मीही त्यांच्यासारखा तो सूर नुसता ऐकतच होतो.