पदरचं तोतरेपण

कादंबरीतला थोरला भाऊ अबोल आहे. धाकट्यांना वाढवतो आणि सबंध पुस्तकात मोजकंच बोलतो. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण रंगमंचावर न बोलणारा माणूस आणि कोपऱ्यातलं कपाट यांत फरक तो काय? कादंबरीचं नाटक झालं तेव्हा ही भूमिका घ्यायला कुणी धजेना. शेवटी ती आपल्या या नटाच्या गळ्यात पडली.

फिरत्या नाटक मंडळींना एक खोड असतेच. गावोगाव प्रयोग करता करता नट लेखकाच्या वाक्यांत पदरची भर घालतो, आणि जिथे हशा येतो ती भर कायमची होऊन बसते. आपल्या नटाने थोरल्याला तोतरं केलं. शब्द अडला की मांडीवर बोटं आपटायची, मान वर करायची, आणि शब्द सुटला की आपणच दचकायचं. पहिल्याच गावात खसखस पिकली. वर्तमानपत्रांनी त्याच्या निरीक्षणाचं कौतुक केलं. निरीक्षण कसलं डोंबलाचं! घरात सख्खा दादा तस्साच बोलायचा.

दादाचं मोटर वाइंडिंगचं दुकान. धाकट्याला नाटकाचं वेड लागलं तेव्हा सगळं घर त्याच्यावर तुटून पडलं होतं. मध्ये पडला तो दादाच. "क-करू दे त्याला," एवढंच म्हणाला, मांडीवर बोटं आपटत. विषय तिथेच मिटला.

आणि आज दुपारच्या प्रयोगाला तो दुसऱ्या रांगेत बसला होता. न कळवता, इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीला बरोबर घेऊन.

पडद्याच्या फटीतून नटाने पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. आज साधं बोलायचं, पुस्तकात आहे तसं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. पहिला प्रवेश तसाच केलाही. सभागृह थंड. हशासाठी थांबायची सवय झालेली नायिका उगाच खोळंबून राहिली आणि पुटपुटली, "अहो, बरं नाही का तुम्हाला?" मागे कुणीतरी जांभई दिली, ती थेट रंगमंचापर्यंत ऐकू आली. नटाला ती शांतता सोसेना. सोसायला हवी होती, पण हशाची चटक फार वाईट. दुसऱ्या प्रवेशात त्याचा हात आपसूक मांडीवर गेला.

सभागृह फुटलं. दुसरी रांगही हसली. वहिनी हसली नाही. दादा हसला, इतरांपेक्षा जरा उशिरा.

प्रयोग संपल्यावर दादा रंगपटात एकटाच आला. नट तोंडाचा रंग पुसत होता. नायिका तिथेच होती, आणि मंडळींचे मॅनेजरही.

"या, या!" मॅनेजर म्हणाले. "कोण हो हे? तुमचे पाहुणे का?"

माझा दादा, एवढंच म्हणायचं होतं. नटाने तोंड उघडलंही. पण आता दादा बोलणार आणि या दोघांना सगळं कळणार, या भीतीने त्याची जीभ टाळ्याला चिकटली. दादाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा दादा लहानपणापासून वाचत आला होता.

"मी शे-शे..." दादाची बोटं मांडीवर आपटली, मान वर झाली. "शेजारी. यांच्या घ-घराशेजारी राहायचो."

नायिकेने पटकन नजर खाली वळवली. मॅनेजरांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. कळायचं ते कळलंच होतं, आणि ते कळलंय हे दादालाही दिसत होतं. तरीही त्याने शब्द मागे घेतला नाही.

"छान क-करता हं तुम्ही," तो आपल्या धाकट्या भावाला म्हणाला. तुम्ही म्हणाला. मग वहिनी बाहेर थांबलीय म्हणून निघाला. भाऊ आरशाकडे वळून रंग पुसत राहिला.

मॅनेजरांनी दार लोटून घेतलं. "सख्खे ना?" त्यांनी हळूच विचारलं. "उद्यापासून ते तोतरं बोलणं काढून टाकू या. नाटकाचं काही अडत नाही."

नट मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. पायाखालची जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असंच त्याला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण उद्याचं गाव मोठं होतं, सभागृह आजच्या दुप्पट होतं, आणि ती थंड शांतता अजून त्याच्या कानांत होती.

"बघू," तो म्हणाला.