नऊ नंबरचा कागद

पेंटर अक्षरं काढायला शिकला चौदाव्या वर्षी आणि वाचायला शिकला चाळिसाव्या. मधली सव्वीस वर्षं त्याने दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या पाट्या रंगवल्या आणि त्यांतल्या एकीवरही काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. अक्षर म्हणजे त्याच्या लेखी चित्र. इथे पोट, इथे शेपूट, इथे वळण. म्हणून बंदरावरच्या खलाशांच्या विश्रामगृहातल्या मॅनेजरबाईंनी जेव्हा विचारलं, “चौदा भाषांत ‘धन्यवाद’ लिहायचंय, जमेल का?” तेव्हा तो हसलाच.

“बाई, मला एकही भाषा वाचता येत नव्हती तेव्हापासून लिहितोय. चौदा काय नि चाळीस काय!”

तोंडाने हसला खरा, पण मनात धाकधूक होती. वर्षापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर रंगवलेली पहिलीच पाटी, एका शिंप्याच्या दुकानाची, डावीकडून उजवीकडे चांगली चार बोटं घसरली. अख्खा रस्ता हसला. लेक तावातावाने घरी आली. “बाबा, आता पुरे. शिडीवर चढता, डोळ्यांना दिसत नाही, वर नाव घालवून घेता. अजून एक चूक झाली ना, की पेटी माळ्यावर. कबूल?”

पेंटर म्हणाला, “कबूल.” आणि एकदा कबूल म्हटलं की ते मोडणाऱ्यातला तो नव्हता. ब्रशांची पेटी त्याच्या उस्तादाने दिलेली. ती माळ्यावर गेली की आपण नुसते खुर्चीत बसून डाळ निवडायला उरलो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

काम मात्र मनासारखं होतं. मॅनेजरबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांकडूनच मोठमोठ्या पातळ कागदांवर जाड पेनाने आपापल्या भाषेत ‘धन्यवाद’ लिहून घेतलं होतं. अरबी, रशियन, थाई, बर्मी, ग्रीक अशा चौदा जणांचं चौदा तऱ्हेचं हस्ताक्षर. जेवणघराच्या पांढऱ्या भिंतीवर ते जसंच्या तसं उतरवायचं. “माणूस महिनोन्‌महिने समुद्रावर असतो,” बाई म्हणाल्या. “ताट घेऊन बसला की समोर त्याच्या गावचं अक्षर दिसू दे.”

पेंटरची रीत जुनी. कागद खिडकीच्या काचेवर चिकटवायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर धरून पेन्सिलीने अक्षर गिरवायचं. मग त्या रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडायची. तो भोकांचा कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटली की भिंतीवर ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून ब्रश चालतो. भोकं पाडायचं काम आता बायकोकडे होतं. तिने तीस वर्षं शिंप्याकडे काजं केली होती, सुई तिच्या बोटातच उगवल्यासारखी. सगळे तिला पेंटरीणबाई म्हणत, आणि तीही हाकेला ओ द्यायची.

“सुई मी चालवायची आणि नाव तुमचं,” ती म्हणायची.

“मग भिंतीवर तुझं नाव लिहू का?”

“नको. तेही घसरेल.”

कागद भिंतीला लावताना पेंटर डोळ्यांवर विसंबायचा नाही. बोट फिरवायचा. सुई ज्या बाजूने घुसते ती बाजू गुळगुळीत, ज्या बाजूने निघते ती खरखरीत. खरखरीत बाजू भिंतीकडे, गुळगुळीत आपल्याकडे. पन्नास वर्षं हेच.

अकरा दिवसांत भिंत पुरी झाली. बाराव्या दिवशी संध्याकाळी पाचला मोठं जहाज लागायचं होतं, खलाशी जेवायला यायचे होते आणि तेव्हाच भिंतीवरचा पडदा काढायचा असं ठरलं. बाईंनी खलाशांचे मूळ कागद परत घेऊन टेबलाच्या खणात कुलपात ठेवले.

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर पेंटर भोकांचे कागद आवरत बसला. एकेक उचलायचा, फडक्याने झटकायचा, गुंडाळी करायचा. प्रत्येकावर पेन्सिलीच्या बाजूला कोळशाचा काळा थर होता, तसा तो असायलाच हवा. एक, दोन, तीन… आठ. नववा उचलला आणि हात थांबला.

नऊ नंबरच्या कागदावर पेन्सिलीची बाजू स्वच्छ होती. कोळसा दुसऱ्या बाजूला होता.

त्याने कागद उलटला. पुन्हा उलटला. चष्मा पुसून बघितलं. म्हणजे कागद भिंतीवर पालथा लागला होता. म्हणजे नऊ नंबर, बर्मी, भिंतीवर आरशातल्यासारखा उलटा रंगवला गेला होता. त्याला ती भाषा येत नाही, अक्षरं सगळी गोल गोल, ती उलटी असली काय नि सुलटी असली काय, त्याला कळायला मार्ग नाही. पण ज्याची भाषा आहे त्याला पहिल्या नजरेत कळणार. आणि मग सगळं जेवणघर हसणार.

पेंटरीणबाई आत आडवी झाली होती. पेंटरने कागद तसाच टेबलावर टाकला, पेटी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि आवाज न करता बाहेर पडला.

जेवणघरात आचारी एकटाच कांदे चिरत होता. हा आचारी म्हणजे वेगळाच नग. लिहिण्या-वाचण्यात शून्य, पण वीस वर्षं खलाशांना वाढून वाढून पंधरा-सोळा भाषांतलं ‘या बसा’ आणि ‘धन्यवाद’ त्याच्या तोंडात बसलेलं. शुक्रन, स्पासीबा, सलामात, एफखारिस्तो. कुणी दारात उभा राहिला की तोंडावळ्यावरून ओळखून फेकायचा, आणि दहातले सात नेम लागायचे.

“काय पेंटर, आल्यापासून चारदा चेहरा बदललास. घरी भांडण?”

“नऊ नंबर कसं वाचतात रे?”

“बर्मी ना? चेझू तिन बा दे.”

“बोलून नको दाखवू, वाचून दाखव. ते भिंतीवर बरोबर आहे का?”

आचाऱ्याने ओल्या हातांनी पडद्याचं टोक वर केलं, मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे. “मला काय विचारतोस बाबा? मला बोलता येतं, तुला काढता येतं. आपण दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो. वाचणारा तिसरा आण.”

तिसरा कुठून आणणार? बर्मी खलाशी पाचलाच येणार. बाई बँकेत गेलेल्या, चारपर्यंत येणार, आणि मूळ कागद त्यांच्या खणात. चारला कळून एका तासात काय होणार? रंग पुसायचा, पांढरा हात द्यायचा, वाळवायचा, तोवर घरून कागद आणायचा, पुन्हा ठिपके, पुन्हा रंग. आत्ता सुरुवात केली तरच कसंबसं जमेल. पेंटरने पडदा बाजूला केला, स्टूल ओढलं, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. सगळ्यात रुंद ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळला. पेटी माळ्यावर जाते ती जाऊ दे, पण चार परक्या माणसांनी आपल्या अक्षराला हसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

ब्रश भिंतीपासून वीतभर होता तेव्हा दारातून आवाज आला.

“अहो, हात लावू नका! खबरदार सांगते!”

पेंटरीणबाई दारात. पदर एकीकडे, श्वास एकीकडे. एका हातात नऊ नंबरचा कागद, दुसऱ्या हातात चप्पल, कारण चपलेचा अंगठा वाटेत तुटला होता.

“अगं, उलटं झालंय ते! कोळसा बघ कुठल्या बाजूला आहे.”

“कोळसा आहे तिथेच असायला हवाय. मीच तसं केलंय.”

“तू?”

ती आधी स्टुलावर बसली. आचाऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने अर्धा रिकामा केला. मग म्हणाली, “तुम्ही गिरवलंत ना, तेव्हा खिडकीला खलाशाचा कागदच पालथा चिकटवला होतात. पातळ कागद, शाई दोन्हीकडून दिसते, तुम्हाला कळलं नाही. तुम्ही झोपलात आणि मी भोकं पाडायला बसले. मूळ कागद शेजारीच होता. बघते तर मधल्या एका गोलाची फट त्याच्यात उजवीकडे, तुमच्या पेन्सिलीत डावीकडे. तीस वर्षं काजं केलीत मी. फट कुठल्या अंगाला आहे ते मला शिकवायला नको.”

“मग?”

“मग काय? ट्रेसिंग पेपर उलटला आणि पाठीमागून सुई घातली. तुम्ही बोट लावून कागद लावता हे मला माहीतच होतं. खरखरीत बाजू भिंतीकडे लावलीत, आणि आपोआप सुलटं झालं.”

पेंटरच्या ब्रशवरून पांढरा थेंब त्याच्याच चपलेवर पडला.

“आणि मला बोलली नाहीस?”

“बोलले असते तर त्याच दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताने पेटी माळ्यावर टाकली असती. चाळीस वर्षांत एवढं तरी कळलं मला.”

तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना. चार वाजता बाई येताच पेंटरने मूळ कागद मागितला. काही न विचारता त्यांनी खण उघडला आणि नऊ नंबरचा कागद काढून भिंतीशी धरला. चौघांनी माना पुढे केल्या. गोल तिथे गोल, फट तिथे फट, शेपूट तिथे शेपूट. “झालंय काय पण?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” पेंटरीणबाई म्हणाली. “यांना आपलं काम पुन्हा पुन्हा बघायची हौस आहे.”

पेंटरचा जीव भांड्यात पडला. तो खालीच बसला, पांढऱ्या डब्याशेजारी.

पाचला खलाशी आले. आचाऱ्याने दारात उभं राहून एकेकाला ज्याचं त्याचं ‘या’ म्हटलं, तीनदा चुकला, तिन्ही वेळा हशा झाला. पडदा निघाला. माणसं ताटं हातात घेऊन भिंतीसमोर आपापलं अक्षर शोधत फिरू लागली. एक बारीक चणीचा, पिकल्या केसांचा खलाशी नऊ नंबरसमोर थांबला. बराच वेळ थांबला. मग त्या माणसाने गोल अक्षरांवरून न टेकवता बोट फिरवलं, मोठ्याने वाचलं, “चेझू तिन बा दे,” आणि मागे वळून रंगाने माखलेले हात कोणाचे आहेत ते हुडकलं. पेंटरसमोर येऊन त्याने तेच पुन्हा म्हटलं, या वेळी भिंतीला नाही, पेंटरला.

पेंटरने मान डोलवली, जशी वाचता येत नव्हतं तेव्हा डोलवायचा. मग त्याने बायकोकडे बोट दाखवलं. खलाशाला काय कळलं कोण जाणे, तो तिच्याकडेही गेला आणि तेच बोलला. पेंटरीणबाईने घाईघाईने पदर नीट केला आणि चप्पल पाठीमागे लपवली.

घरी निघाले तेव्हा उजेड होता. पेटी पेंटरच्या हातात, तुटकी चप्पल तिच्या. ती एका पायाने अनवाणी चालत होती म्हणून तोही हळू चालत होता.

“चूक तर झालीच ना पण,” तो म्हणाला. “पालथं गिरवलं. लेकीला कबूल केलंय मी.”

“भिंतीवर झाली का? नाही ना? मग झालं तर. आणि पेटी माळ्यावर ठेवायची तर शिडीवर कोण चढणार? शिडीवर तर तुम्हाला चढायचं नाही म्हणते ती.”

हे त्याला एकदम पटलं. थोडं चालल्यावर तो घुटमळला. चौदा भाषांत लिहिलेला शब्द त्याच्या जिभेवर एकाही भाषेत येईना. घरात हा शब्द कधी लागलाच नव्हता. मीठ मागितलं, मिळालं. पाणी मागितलं, मिळालं. संपलं.

“चेझू,” तो म्हणाला, आणि पुढचं विसरला. “चेझू तिन… ते नऊ नंबर.”

पेंटरीणबाईने वळून बघितलं. “काय झालं? दात दुखतोय का?”

“नाही.”

“मग तोंड कशाला वाकडं करता?” ती म्हणाली आणि चालायला लागली. चार पावलांवर मात्र थांबली, मागे न बघता तुटकी चप्पल त्याच्याकडे दिली. “ही धरा जरा. पेटी मी घेते, तुमचा हात भरून आला असेल.”

त्याने आजवर ती पेटी कुणाच्या हातात दिली नव्हती. त्या दिवशी दिली.