विश्वासात न घेतल्याबद्दल

तहसील कार्यालयातून आलेली नोटीस कडूबाईने दोनदा वाचली. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही बाई तीन वर्षांपासून गावची सरपंच होती. शिक्षण चौथीपर्यंत, पण स्वतः वाचल्याशिवाय ती कशावर सही करत नसे. नोटिशीत लिहिलं होतं, सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत, सबब अविश्वास ठराव. खाली सात सह्या होत्या. सातवी तिच्या मैत्रिणीची, दैवशालाची.

"रेणू, अविश्वास म्हंजे बेइमानी का गं?"

तिची लेक रेणू मंठ्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बीए करत होती.

"न्हाई माय. बेइमानीत काहीतरी चोरी लागते. हा शब्द निराळा. श्वास म्हंजे दम. ज्याच्यापाशी बिनघोर दम घेता येतो, तिथं विश्वास. म्होरं 'अ' लागला की ते संपलं."

"मंग आपण इतबार म्हणतो, तेच की."

"तेच. इतबार उर्दूतून आला, हा संस्कृतातून. पण सरकारी कागदात हे नेहमीच लिहितेत. मनाला लावून घेऊ नको."

कडूबाईने लावून घेतलं. वीस वर्षं तिने आणि दैवशालाने एका पातीला कापूस वेचला होता. कडूबाईचा नवरा जालन्याला दवाखान्यात होता तेव्हा दैवशाला आठ दिवस तिच्यासोबत फरशीवर झोपली होती. त्याच दैवशालाचा शेळ्यांचा गोठा गायरानावर होता आणि गावाच्या पाण्याची टाकी तिथेच मंजूर झाली. गोठा हटवायच्या कागदावर कडूबाईने श्रावणात सही केली. पोळ्याला ती दैवशालाकडे पुरणपोळी जेवली, पण सहीचं बोलली नाही. महिन्याने गोठ्यावर नोटीस चिकटली.

सभेला तहसीलदार आले. "सरपंचताई, तुम्हाला काही सांगायचंय?"

टाकीबद्दल बोलायचं असं ती घरून ठरवून आली होती. उभी राहिली आणि दैवशालाकडेच वळली.

"मला आधीपासून ठाऊक होतं. तुझ्या घरी जेवले तवाबी ठाऊक होतं. तू रडशील म्हणून भ्याले."

"रडले असते," दैवशाला म्हणाली. "पर गोठा मीच काढला असता. पाणी माझ्या सुनेलाबी पाह्यजे. आता तू काहीबी बोलली की वाटतं, हिच्या पोटात आनखी काय असंल?"

कडूबाई खाली बसली.

नऊ सदस्य होते. ठराव मंजूर व्हायला सात हात लागत. सहा लगेच वर झाले. दैवशालाने पदराने डोळे पुसले आणि मग आपला हात वर केला.

दिवाळीनंतर नव्या सरपंचाने गोठा पाडला. कडूबाई त्याच दिवशी दैवशालाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"शेळ्या माझ्या वाडग्यात बांध. जागा हाय."

"बघू," दैवशाला म्हणाली आणि अंगणात आणलेले गोठ्याचे पत्रे रचत राहिली.

पुढच्या बाजाराला तिने आपल्या चारही शेळ्या मंठ्यात विकल्या.