ढोलातली टरफलं

वेबर साहेबांनी ढोल आडवा करवला, त्याच्या पोटात बॅटरी मारली आणि मान हलवली. "पालीची अंडी. सहा आठवड्यांत ही अवस्था."

एन्योनामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्राकाठच्या या छोट्या संग्रहालयाची चौदा वर्षं ती एकटीने देखभाल करत होती. ढोल तिच्याच गावचा. एकशेदहा वर्षांपूर्वी वेबर साहेबांच्या देशाच्या शिपायांनी तो देवघरातून उचलून नेला होता, आणि आता सहा महिन्यांपुरता उसना पाठवला होता. आपलीच वस्तू आपल्याला उसनी, आणि वर तपासायला माणूस.

भिंतीवर पाल निवांत बसली होती. या दालनातले पतंग, झुरळं, वाळवीचे पंखवाले किडे ती रोज फस्त करायची. त्याबद्दल कधी कुणी चांगला शेरा लिहिला नव्हता.

"नुकसान तुमच्याकडे झालं, असं लिहितो," वेबर म्हणाले. "ढोल शुक्रवारी परत जाईल."

शनिवारी सण होता. गावातले म्हातारे आयुष्यात पहिल्यांदा त्या ढोलासमोर बसणार होते.

संचालक सेन्यो घाम पुसत पुढे आले. "साहेब, आजच औषध मारतो, एक पाल ठेवत नाही. डावी, तू गप्प बस जरा." थोरल्या बहिणीला तिथे डावी म्हणत, थोरल्या भावाला एफो.

"का गप्प बसू, एफो सेन्यो? यांनी उलट्या बोंबा मारायच्या आणि आपण ऐकून घ्यायचं?" तिने कपाटातून फाईल काढून टेबलावर आपटली. "ढोल पाठवताना तुमच्याच माणसांनी केलेली नोंद आहे, साहेब. पान नऊ. मोठ्याने वाचा."

वेबर यांनी चष्मा लावला. "आतल्या बाजूस पालीच्या अंड्यांची दोन पिवळट टरफलं चिकटलेली. फार जुनी. काढू नयेत."

"म्हणजे आमच्या देवघरातली. शंभर वर्षं तुमच्या काचेत होती तेव्हा तो इतिहास. इथे आली की नुकसान होय?"

वेबर यांचे कान लाल झाले. त्यांनी अहवालातली नुकसानीची ओळ खोडली, पण माफीचा शब्द काढला नाही. "भिंतीवरची पाल तर जिवंत आहे ना? नियम तो नियम. शुक्रवारी."

तिने सेन्योंकडे पाहिलं. ते साहेबांसाठी चहा सांगायला वळले होते. त्या क्षणी तिला वेबरपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

दोघे चहाला गेल्यावर तिने बॅटरी घेऊन आत पाहिलं. दोन जुनी टरफलं होती, फुटकी आणि पिवळट. त्यांच्या शेजारी आणखी दोन अंडी होती. अख्खी, पांढरीशुभ्र, ताजी. तोंडघशी पडल्यावर साहेबांनी पुन्हा वाकून मोजण्याचे कष्ट घेतले नव्हते.

तिने बॅटरी विझवली आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

शुक्रवारी ढोल पेटीत ठेवल्यावर वेबर यांनी विचारलं, "आतलं काही काढलं नाही ना?"

"काढू नये, असं तुम्हीच लिहिलंय."

त्यांनी सही केली. एन्योनामने झाकण लावलं, आणि शेवटचा खिळा ठोकताना ओठांतल्या ओठांत म्हणाली, "जा पोरींनो. तिकडे त्यांच्या काचेवर हगा."