पितृपंधरवड्यातली लग्ने

वाडीत त्या वर्षी पितृपंधरवड्यात चार लग्ने झाली. चारही नवऱ्या मुली नववीच्या वर्गातल्या होत्या.

जामखेडच्या पूर्वेला, माळाच्या उतारावर वसलेल्या या वाडीत पितृपंधरवड्यात कोणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही. तरीही त्या मंगळवारी सकाळी सुरेखा चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तिची सासू छबूबाई सुपात ज्वारी पाखडता पाखडता पाचव्या लग्नाविषयी बोलत होती. ते लग्न सुरेखाच्या मुलीचे, ज्ञानेश्वरीचे होते. शुक्रवारी, मिरजगावकडच्या मुलाशी, घरातल्या घरात.

"माजं बाराव्या वर्सी झालं," छबूबाई म्हणाली. "मेले का मी?"

"रोज तर म्हनतीस, मेले गं बया मेले," भांडी घासता घासता ज्ञानेश्वरी म्हणाली.

छबूबाईला हसू आले. सुरेखाला आले नाही. तव्यावरची भाकरी एका कडेने करपली, तेव्हा कुठे तिने ती उलटली.

तिचा नवरा कल्याण उंबऱ्याशी बसून कोयत्याला धार लावत होता. तो मान वर न करता बोलला. "दसरा झाला की ऊसतोडीचा ट्रक येनार. मागल्या सालापातूर हंगामापुरतं वसतिगृह हुतं, पोरीला तितं ठिवून जात हुतो. आता त्याला कुलूप हाय. संगं न्यावी तर फडावरल्या कोपीला दार न्हाई. हितं ठिवावी तर आयेला सांज झाली की दिसत न्हाई. तूच सांग, कुठं ठिवू?"

सुरेखाने पुढची भाकरी थापायला घेतली.

"लगीन झाल्याली पोरगी उसाच्या फडात बिनघोर असती," तो पुढे म्हणाला. "तिला कुनी काय करत न्हाई."

पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती त्याच हंगामात ऊसतोडीला गेली होती. लग्न झालेल्या मुलीला उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, कोणी काय करते आणि काय करत नाही, हे तिला ठाऊक होते. नवऱ्याला तिने ते कधी सांगितले नव्हते. वसतिगृह सुरू होण्यापूर्वी दोन हंगाम तिने लहानग्या ज्ञानेश्वरीला बरोबर नेले होते. त्या दोन्ही हंगामांत ती पदराचे टोक मुलीच्या मनगटाला बांधून झोपत असे.

नवऱ्याला ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट होती. वसतिगृह बंद करण्याच्या आदेशाविरुद्ध सुरेखाने शाळेतल्या बाईंच्या मदतीने उच्च न्यायालयात याचिका केली होती. तिची सुनावणी दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला होती.

बुधवारी पहाटेच धाकट्या बहिणीच्या आजारपणाचे निमित्त सांगून ती मुलीला घेऊन निघाली. फाट्यावर कल्याणच्या ऊसतोड टोळीचा मुकादम बिभीषण चहा पीत उभा होता. मिरजगावचे स्थळ त्यानेच आणले होते. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता; एक जोडी वाढली की त्याच्या टोळीत एक कोयता वाढत होता आणि त्याचे कमिशनही.

"कुठं निघाली गं नवरीला घेऊन?" तो म्हणाला. "हळद लागायच्या आधी पोरगी काळी करतीस का उनात?"

"भैनीला बरं न्हाई."

"जा की. शुक्रवारच्या आत ये म्हंजी झालं. न्हाईतर मला यावं लागंल न्यायला."

तो हसत होता. एसटीत बसल्यावर सुरेखाने मुलीला खिडकीपासून दूर बसवले. मागून मोटारसायकलचा आवाज आला की ती मुलीच्या डोक्यावर आपला पदर ओढी.

सुरेखाच्या वकील धनश्री मूळच्या भिंगारच्या. शासनाचे निर्णय न्यायालयाकडून तपासून घेण्याचीच कामे त्या करत. न्यायालयाच्या व्हरांड्यात एका बाकावर त्यांनी दोघींना बसवले आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"शुक्रवारचं लग्न मी आत्ताच थांबवू शकते," त्या म्हणाल्या. "बालविवाह आहे. एक फोन पुरतो."

"थांबवाल, मॅडम. नवरा आत जाईल. आन मग दसऱ्याला पोर कुठं ठिवू? कोपीतच ना?"

धनश्रींनी मोबाईल खाली ठेवला. "ठीक आहे. मग आधी वसतिगृह. पण एक नीट ऐका, सुरेखाताई. वसतिगृह चालवावं की बंद करावं, हे कोर्ट ठरवत नाही. ते सरकारचं काम. ठरवताना जे पाहायला हवं होतं ते पाहिलं का, ज्यांना भोगायचं आहे त्यांना विचारलं का, एवढंच कोर्ट बघतं."

"म्हंजी माजी पोरगी वाचवा असं म्हनायचं न्हाई?"

"म्हणायचं. पण तेवढ्यावर आदेश मिळत नाही. तुम्हाला विचारलं नाही, हे मी सांगीन. सरकार म्हणेल, रिकाम्या इमारतीविषयी कोणाला विचारायचं?" त्यांनी कपाळ चोळले. "अधिकारी जाऊन आले, आत एकही मूल नव्हतं, म्हणून गरज नाही, असं त्यांचं उत्तर आहे; कोणत्या दिवशी गेले ते त्यात नाही. खरं सांगते, हे मला खोडता येत नाही. मुलं त्या दिवशी होती कुठे?"

तपासणी कधी झाली, हेच सुरेखाला माहीत नव्हते. ज्ञानेश्वरीने मात्र आईचा दंड घट्ट धरला.

"माज्यामुळं झालं," ती म्हणाली.

"काय झालं तुज्यामुळं?"

"वसतिगृहापुढं जीप आल्ती तवा मी पानी भरत हुते. सायबानं इचारलं, हितली पोरं कुठं गेली? मी म्हनलं, समदी आपापल्या घरी. सायेब गेले. मग कुलूप लागलं." ती रडू लागली. "शेतात गेलीत म्हनले असते, तर लागलं नसतं. त्या चौघींची लग्नं पन माज्यामुळंच झाली."

उन्हाळ्यापासून हे ओझे घेऊन ही पोर घरात वावरत होती आणि आपल्याला कळले नाही, याची सुरेखाला प्रथम भीती वाटली. लाज त्यानंतर वाटली.

धनश्री मात्र एकटक मुलीकडे पाहत होत्या. "पाणी कुठे भरत होतीस?"

"टँकरवर."

"टँकर येत होता तेव्हा?"

"व्हय. शाळंला सुट्टी हुती. आई पार मागं रांगेत हुती."

"तुझी आई गावात होती." धनश्री हळू बोलल्या, प्रत्येक शब्द उचलून पाहावा तशा. "साहेबांनी विचारलं नाही, सगळी मुलं घरी कशी?"

"न्हाई. उनाचं लई घाईत हुते."

"बाळ, तू खरं तेच सांगितलंस. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. तो आता मी विचारते."

न्यायदालनात पंखे संथ फिरत होते. पुकारा झाला तेव्हा आपले नाव ऐकून सुरेखा उठून उभी राहिली. शिपायाने हातानेच बस म्हटले. सरकारी वकिलांच्या मागे एक अधिकारी फाईल घेऊन बसला होता. त्याला पाहताच ज्ञानेश्वरी आईच्या पाठीमागे सरकली.

"त्योच सायेब," ती कुजबुजली. "मला धरतील का गं?"

"मी हाय की," सुरेखा म्हणाली.

बोलणे इंग्रजीत चालले होते. सरकारी वकील बराच वेळ बोलले. धनश्री थोडेच बोलल्या. त्यातला एकच शब्द मायलेकींना कळला: टँकर. तो उच्चारला गेला आणि सरकारी वकिलांनी मागे वळून अधिकाऱ्याकडे पाहिले. अधिकारी फाईल चाळू लागला. न्यायमूर्तींनी त्याला उभे राहण्यास सांगितले आणि ते मराठीत बोलले.

"तपासणी कोणत्या महिन्यात केलीत?"

"मे महिन्यात, साहेब."

"ऊसतोड कामगार मे महिन्यात कुठे असतात?"

"आपापल्या गावी असतात, साहेब."

"आणि हे वसतिगृह कोणत्या महिन्यांसाठी आहे?"

अधिकाऱ्याने फाईल मिटली.

बंदीच्या आदेशाला स्थगिती मिळाली. टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी वसतिगृह उघडावे, असे न्यायालयाने सांगितले. धनश्रींनी हे तीनदा समजावले, तरी सुरेखाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होईना. न्यायालय इथे होते. बिभीषण फाट्यावर होता.

तो खरोखरच होता. उतरत्या उन्हात एसटी थांबली तेव्हा शेजारी कल्याणही उभा होता. बहीण आजारी नसल्याचे त्यांना कळले होते, हे सुरेखाने खाली उतरण्याआधीच ओळखले. तिने मुलीचे मनगट धरले आणि बोलून टाकले.

"शुक्रवारचं लगीन हुनार न्हाई. मी कोर्टात गेल्ते. वसतिगृह उघडतंय."

"बघ कल्याण," बिभीषण म्हणाला, "तुजी बायको वकील झाली. आता तूच भाकरी थाप."

कल्याणने त्याच्याकडे पाहिले नाही. तो सुरेखाजवळ आला, आणि आता याचा हात उठणार असे वाटून तिने डोळे मिटून घेतले.

"कवा उघडतंय?" त्याचा आवाज आला.

"टोळी निगायच्या आत."

"तितल्या दाराच्या आतल्या कडीचं बगाय पायजे. मागल्या साली ढिली झाल्ती." तो मुलीकडे वळला. "मी येऊन बसवून दीन." मग मुकादमाला म्हणाला, "मिरजगावला कळवा. मी न्हाई म्हनतोय."

"लोकं थुंकतील तोंडावर."

"थुंकू द्या. पोर दाराच्या आत ऱ्हाईल."

दसऱ्याच्या आधी वसतिगृहाचे कुलूप निघाले. ज्ञानेश्वरी आत राहायला गेली. तिच्या वर्गातल्या चौघी दसरा होताच नवऱ्यांबरोबर ट्रकमध्ये चढल्या. न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्यापुरते काही बदलले नाही.

पितृपंधरवड्यातल्या त्या लग्नांविषयी पुढे बरेच बोलले गेले. कोणी अडाणीपणा म्हणाले, कोणी रूढी. परंतु रूढीप्रमाणे तर त्या दिवसांत लग्न होतच नाही. बालविवाह रोखणारे पथक मुहूर्ताच्या दिवसांवर नजर ठेवते. अक्षय्य तृतीयेला ते गावोगाव फिरते. पितृपंधरवड्यात मुहूर्त नसतो, म्हणून पथकही नसते. वसतिगृहाची तपासणी मे महिन्यात झाली. मे महिन्यात आईबाप घरी असतात, म्हणून मुलेही घरी असतात. दोन्ही ठिकाणी शासन पाहायला गेले होते आणि जे दिसले ते खरेच होते. पाहण्याची वेळ मात्र दोन्हीकडे अशी होती की तेव्हा पाहण्यासारखे काही नव्हते.

हंगामात ज्या दारामागे मुलगी सुरक्षित ठेवता येत होती, त्या दाराला उन्हाळ्यात रिकामे पाहून कुलूप लावले गेले. चार घरच्या आईबापांना दुसरे दार सापडले नाही, म्हणून त्यांनी मुलींची लग्ने लावली.