मधलं दार असलेली गाडी

डॉक्टर मुरलीधर सबनीस यांचं म्हणणं अगदी साधं होतं. ज्या खोलीत कुकर लावायचा त्याच खोलीत, हात लांब केला की लागेल इतक्या अंतरावर, संडास असता कामा नये. मग इटली असो नाहीतर काशी. मधे दार हवं, आणि दार म्हणजे दार, पडदा नव्हे.

"बाबा, कॅम्परव्हॅन आहे ती," त्यांची मुलगी ऋजुता मिल्टन कीन्सहून फोनवर म्हणाली. "सगळ्या अशाच असतात. टॉयलेटला फोल्डिंग पार्टिशन असतं."

"पार्टिशन हॉस्पिटलात असतं. त्याच्या अलीकडचं सगळं पलीकडे ऐकू येतं. मला विचार!"

आता त्यांना विचारायला हवंच. चौतीस वर्षं त्यांनी बर्कशायरमधल्या हॉस्पिटलांत भूल दिली होती. माणूस हुशार, कामाला चोख. एवढंच, की समोरच्याला शुद्धीवर ठेवून त्याचं मत घ्यायचं असतं, ही गोष्ट त्या चौतीस वर्षांत हळूहळू त्यांच्या ध्यानातून गेली. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई मेडनहेडच्या घरात, स्वयंपाकघरात उभ्या राहून हे संभाषण ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, पडदा लावा, दार लावा, भिंत बांधा, पण एकदाचे निघा.

कारण इटली हवी होती ती त्यांना. अकरा वर्षं दर बुधवारी संध्याकाळी त्या इटालियनच्या क्लासला जात होत्या. सुरुवात काही फार थोर नव्हती. बुधवारी डॉक्टरांचं बॅडमिंटन असायचं, घर खायला उठायचं, आणि लायब्ररीत त्या वारी दोनच क्लास होते, इटालियन आणि लोकरीच्या टोप्या. पण ती भाषा त्यांच्या जिभेला लागली. अकरा वर्षांत त्यांना कॉफी मागता येऊ लागली, औषधाचं दुकान विचारता येऊ लागलं, हॉटेलातला टॉवेल ओला आहे म्हणून तावातावानं भांडताही येऊ लागलं. फक्त हे सगळं त्या क्लासमधल्या बार्बराशी बोलत होत्या, आणि बार्बराला टॉवेलचं काहीएक सोयरसुतक नव्हतं. एकदा, फक्त एकदा, इटलीत उभं राहून एखाद्या अनोळखी माणसाला काही विचारावं आणि त्यानं आपल्याला उत्तर द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते काही केल्या होत नव्हतं. आधी डॉक्टरांचा गुडघा निघाला, मग कोविड आला, मग नागपुरात पुतणीचं लग्न, मग घरामागची काचेची खोली बांधायला काढली. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." आता एकोणतीस ऑगस्टला सुनीतीबाईंना सत्तर वर्षं पुरी होणार होती. पुढची वर्षं काय पोत्यानं पडली होती का?

शेवटी जावयानं, यतीननं, खरंखुरं मधलं दार असलेली गाडी शोधून काढली. यतीन पुण्याचा, मिल्टन कीन्समध्ये सॉफ्टवेअरमध्ये, आणि सासऱ्यांपुढे बोलताना त्याचा आवाज आपोआप एक पट्टी खाली यायचा.

"बाबा, एकच प्रॉब्लेम आहे. ही गाडी तीन हजार आठशे पन्नास किलोची आहे. साडेतीन टनांच्या वर माझं आणि ऋजुताचं लायसन्स चालत नाही. सत्त्याण्णवच्या आधी जे पास झालेत ना, त्यांनाच चालतं."

"म्हणजे मी," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना जो चेव चढला तो काही विचारू नका. एक्सेल शीट झाली. एकवीस दिवस, एकवीस ओळी, आणि 'चालक' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'मुरलीधर'. चामड्याचे हातमोजे आले. दिवाणखान्यात जेवणाच्या खुर्च्या गाडीच्या नकाशाप्रमाणे मांडून, सकाळी कुणी आधी उठायचं आणि कुणी कुठून वळायचं याची तालीम झाली. तीत अकरा वर्षांची नात आश्लेषा दोनदा बाद ठरली, कारण ती संडासाच्या दारातून न जाता थेट नकाशातल्या टीव्हीमधून गेली.

"पण आजोबा, तिथे दार नाहीये!"

"आहे असं समजायचं."

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, सकाळी साडेनऊला, हे पाच जण मिल्टन कीन्सच्या कडेला गाड्या भाड्यानं देणाऱ्या त्या यार्डात हजर झाले. सोबत कुकर, भाजणी, मेतकूट, पोह्याचे पापड, दोन डबे चिवडा. फोकस्टनहून गाड्या फ्रान्सला नेणाऱ्या समुद्राखालच्या ट्रेनचं चार वाजताचं बुकिंग. समोर गाडी उभी होती, पांढरीशुभ्र, एखाद्या बंगलीला चाकं लावल्यासारखी. डॉक्टरांनी आत जाऊन मधलं दार तीनदा उघडून मिटलं आणि समाधानानं हातमोजे चढवले.

काउंटरवर ट्रेसी नावाची बाई होती. पन्नाशीची, चष्मा केसांत खोचलेला. तिनं डॉक्टरांचं लायसन्स उलटं केलं, चष्मा डोळ्यांवर आणला आणि मागचा तक्ता वाचला. मग परत वाचला.

"डॉक्टर, या गाडीसाठी सी-वन लागतं, साडेतीन टनांच्या वरचं. तुमच्या कार्डावर ते नाहीये."

"असणार. मी एकोणीसशे सत्त्याऐंशीला पास झालोय."

"हो, पण सत्तरीला ते आपोआप जातं. ठेवायचं असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडून मेडिकल करून फॉर्म पाठवावा लागतो. तुम्ही पाठवला होता का?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते काही क्षणच. मग ते आपल्या माणसांकडे वळून मराठीत तडकले. "आला होता तो फॉर्म. म्हणे, डॉक्टरकडून तपासून घ्या! आपल्या दवाखान्यात कोण आहे, तर तो अपूर्व! कालपरवा पास झालेला पोरगा. तो माझं बीपी बघणार? माझं? दिला टाकून!"

"बाबा!" ऋजुता ओरडली. "चार वर्षांपूर्वी? आणि कुणाला सांगितलंही नाहीत?"

"त्यात सांगायचं काय?"

यतीननं लहान गाडी मिळेल का विचारलं. ट्रेसी हसली. ऑगस्टच्या शनिवारी? एक सायकलसुद्धा शिल्लक नव्हती. आश्लेषानं विचारलं, "मग आपली इटली कॅन्सल झाली?" डॉक्टरांनी हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले, घसा साफ केला.

"ठीक आहे. पुढच्या वर्षी..."

झालं. सुनीतीबाईंच्या डोक्यात सणक गेली. पुढच्या वर्षी! त्यांना इतका राग आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि रागाबरोबर रडूही यायला लागलं, म्हणून त्या आणखी चिडल्या. भर काउंटरवर, चिवड्याचे डबे पायाशी ठेवून रडायचं म्हणजे काय! हुंदका दाबायला म्हणून त्यांनी पर्स उघडली, रुमाल शोधला, आणि रुमालाच्या आधी हाताला लागलं ते त्यांचं स्वतःचं लायसन्स.

"ट्रेसी," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "जरा माझं बघता का?"

ट्रेसीनं कार्ड उलटं केलं.

"पंच्याऐंशीला पास. सी-वन आहे. अठ्ठावीस ऑगस्टपर्यंत." तिनं बुकिंग बघितलं. "तुम्ही बावीसला परत येताय. डार्लिंग, मला सोडून या खोलीत ही गाडी चालवू शकेल असं माणूस एकच आहे, आणि ते तुम्ही आहात."

"सुनीती?" डॉक्टर म्हणाले. "अगं ऋजुता, ही तर छोटी मायक्रा घेऊन भाजी आणायला जाते!"

"पहिल्या फटक्यात पास झाले होते मी," सुनीतीबाई म्हणाल्या. "तुमचा कितवा होता, सांगू का मुलांना?"

आश्लेषानं बोटं नाचवत विचारलं, "दोन? तीन? चार?" चारला डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं.

बोलायला बोलून गेल्या, पण त्या उंच सीटवर चढून बसल्यावर सुनीतीबाईंनी आधी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बोनेट कुठे संपतंय ते दिसेना, आरशात मागे गाडी नुसती पसरलेली. ट्रेसीनं शेजारी बसून यार्डात चार फेऱ्या मारून घेतल्या, दोनदा मागे घ्यायला लावली, आणि "तुम्ही फार सावकाश आहात, ते उत्तम आहे," असं सर्टिफिकेट देऊन उतरली. तिच्या जागी डॉक्टर येऊन बसले. तिथून खरी कसोटी सुरू झाली.

मिल्टन कीन्स बांधणाऱ्यांना सरळ रस्त्याचं वावडं असावं. दर अर्ध्या मैलाला गोल चौक. पहिल्या चौकात डॉक्टर म्हणाले, "डावी लेन." दुसऱ्यात म्हणाले, "ब्रेक! ब्रेक! अगं, ब्रेक!" आणि स्वतःचा पाय फळीवर इतक्या जोरात दाबला की मागे चिवड्याचा डबा घरंगळला. तिसऱ्यात डॉक्टर डावं म्हणाले, सॅटनॅव्ह उजवं म्हणालं, यतीन मागून "आई, सरळ, आय थिंक" म्हणाला, आणि सुनीतीबाईंनी त्या चौकाला चांगल्या तीन प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या फेरीला फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून सलाम ठोकला.

चौथी फेरी घालायच्या आत त्यांनी गाडी बाजूच्या थांब्यात घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"अहो, तुम्ही मागे जाऊन बसा."

"मी? मला मागे लागतं!"

"गोळी घ्या. ऋजुता, तू पुढे ये."

पंचेचाळीस वर्षांत या माणसाला त्यांनी असं कधी उठवलं नव्हतं. डॉक्टर खरंच उठले. मागे त्यांना जी जागा उरली होती ती नेमकी मधल्या दाराला लागून होती. पुढच्याच वळणावर कळलं, की त्या दाराची कडी नीट लागत नाही आणि गाडी वळली की ते धाडकन उघडतं. मग काय, लंडनला वळसा घालून पार केंटपर्यंत डॉक्टर मुरलीधर सबनीस एका हातानं संडासाचं दार धरून बसले. ऋजुता आरशातून बघत होती आणि ओठ चावत होती. सुनीतीबाईंनी बघितलं नाही. त्या लॉऱ्या मोजत होत्या आणि हळूहळू, स्वतःशीसुद्धा कबूल न करता, मजेत येत होत्या.

मेडस्टनच्या आसपास हायवेवरच्या सर्व्हिसेसला चहासाठी थांबले. मुलं आत गेली. सुनीतीबाई लाकडी बाकावर बसल्या, डॉक्टर दोन कागदी पेले घेऊन आले. पेले खाली ठेवताना चहा हिंदकळून बाकावर सांडला. सुनीतीबाईंनी पुसायला रुमाल काढला आणि त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या हाताकडे गेलं. हात थरथरत होता.

"दार धरून धरून..." डॉक्टर म्हणाले. मग थांबले. "नाही. तसं नाही. चार-पाच वर्षं झाली. कधी असतं, कधी नसतं."

"म्हणून नाही गेलात अपूर्वकडे."

"त्यानं एका मिनिटात ओळखलं असतं. पोरगा हुशार आहे." ते पेल्याकडे बघत होते. "म्हटलं, कागदावर आलं की संपलं. सगळे म्हणणार, बसा आता."

सुनीतीबाईंना एकदम त्यांची इतकी कणव आली की राग कुठे ठेवावा ते कळेना. पण राग होताच. "आणि हा हात घेऊन तुम्ही मुलांना आल्प्समधून नेणार होतात?"

"चूक झाली."

हे दोन शब्द त्यांनी लग्नापासून ऐकले नव्हते. त्यांनी सांडलेला चहा पुसून काढला. मग म्हणाल्या, "निदान मला सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुझी इटली बुडाली असती. गाडी चालवणार कोण?"

"मी होते की."

डॉक्टरांनी मान वर केली. इतक्या दिवसांची तयारी, एकवीस ओळींचा तक्ता, खुर्च्यांची तालीम, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं दिसलं.

"खरंच गं," ते म्हणाले. "ते मला सुचलंच नाही."

हे मात्र लागलं. गुडघा, कोविड, काचेची खोली, यांतलं काहीही इतकं लागलं नव्हतं. सुनीतीबाईंना वाटलं, हा चहा याच्या डोक्यावर ओतावा. त्यांनी तो शांतपणे पिऊन टाकला, पेला चुरगाळला आणि उठल्या.

"परत आल्यावर पहिल्याच सोमवारी अपूर्वकडे जायचं. मी नेईन. आणि आता पुढे येऊन बसा."

"मी? पुढे?"

"पलीकडे उतरलं की लोक उजवीकडून जातात. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. पुढच्या लॉरीच्या आडून समोरनं काय येतंय ते मला दिसणार नाही, डावीकडे बसणाऱ्यालाच दिसेल. ऋजुता सारखी फोनमध्ये असते. मला तुम्ही लागणार आहात." त्यांनी किल्ली हातात घेतली. "पण दिसेल तेवढंच सांगायचं. काय करायचं ते नाही."

ऋजुता निमूटपणे मागे गेली. डॉक्टरांनी पुढे चढून पट्टा लावला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, पाय जवळ घेतले. गाडी मोटरवेला लागली. समोर एक टँकर आला. डॉक्टरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळावरची शीर तट्ट फुगली.

"टँकर," ते म्हणाले. "निळा."

"बरं," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि इंडिकेटर देऊन लेन बदलली.