चालू असताना उठू नये

सिद्धप्पांनी सरकी-पेंडीचं दुकान आयुष्यभर गादीवर बसून चालवलं आणि दुकान बंद केल्यावर ते कॉटवर बसून घर चालवू लागले. चालवणं म्हणजे हाका मारणं. "मल्लव्वा, पाणी!" "मल्लव्वा, चष्मा!" चष्मा बहुतेक वेळा उशीखालीच असायचा, पण उशी उचलायला मल्लव्वा लागायची. मग एकदा त्यांचे गुडघे आखडले आणि डॉक्टरांनी सांगितलं की यांना हालचाल पाहिजे. खरं तर त्यांच्या वाटणीची हालचाल लग्न झाल्यापासून त्यांची बायकोच करत आली होती. पण ती काही एक्स-रेत दिसत नाही.

मुलगा संगमेश चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला होता. त्याला यंत्रांचं भारी वेड. त्याने टेम्पोत घालून एक खुर्ची आणली. काळी, गुबगुबीत, बटण दाबलं की बैठक डावी-उजवीकडे डुलायची, पायाखालची पायडलं आपोआप फिरायची, हाताच्या मुठी पुढे-मागे व्हायच्या. माणसाने नुसतं बसायचं, व्यायाम यंत्र करून घेणार. हे ऐकून सिद्धप्पांचा चेहरा खुलला. बसण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

"बटण बी नको, अप्पा," संगमेश म्हणाला. "तोंडानं सांगायचं. मराठी कळतं तिला. एक म्हटलं की हळू, सहा म्हटलं की लई जोरात."

शुक्रवार पेठेतली अर्धी गल्ली बघायला जमली. सिद्धप्पा टोपी नीट करून बसले आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, "एक!" आतून एक गोड बाई बोलली, "पहिली पातळी सुरू." खुर्ची डुलू लागली. लोकांनी वा वा केली, तसं सिद्धप्पांना चेव आला. "तीन!" आता त्यांचे गुडघे छातीकडे यायला लागले आणि तोंडचं पाणी पळालं. हे घर दारात मराठी आणि आत कानडी बोलणारं. माणूस ऐटीत कुठलीही भाषा बोलतो, पण जिवावर बेतलं की आईचीच भाषा तोंडात येते.

"साकु!" ते ओरडले. "साकु, साकु!"

साकु म्हणजे पुरे. पण त्या बाईला कानडी कुठलं यायला! आणि सोलापुरात सहाला 'सा' म्हणतात, हे मात्र तिला पक्कं शिकवलेलं. "सहावी पातळी सुरू," ती लाडात म्हणाली. टोपी उडाली, कवळी सुटली आणि सिद्धप्पा सुपातल्या दाण्यांसारखे पाखडले जाऊ लागले. जितकं साकु म्हणावं तितकी ती पुन्हा सहाच धरून बसे. शेवटी मल्लव्वाने पिठाच्या हाताने वायर उपसली.

"पुन्हा तिच्याजवळ जाणार न्हाय," सिद्धप्पा कवळी बसवत म्हणाले. हा शब्द मात्र त्यांनी पाळला.

खुर्ची कोपऱ्यात पडली, संगमेशने वायर तेवढी पुन्हा लावून ठेवली आणि पुसायचं आणखी एक काम मल्लव्वाच्या गळ्यात पडलं. एका दुपारी पुसता पुसता तिची कंबर भरून आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती स्वतःशीच म्हणाली, "एक मिंट टेकते बाई."

"पहिली पातळी सुरू," बाई म्हणाली.

मल्लव्वा दचकली, पण खुर्ची अगदी हळू डुलत होती. कुणी पाळण्यात घातल्यासारखं वाटलं तिला. पाय कधी नव्हे ते तिच्या हुकमाशिवाय फिरत होते आणि कुठंही जात नव्हते. तेवढ्यात आतून हाक आली, "मल्लव्वा, पाणी!" सवयीने ती उठायला गेली आणि हाताशी चिकटवलेली लाल पट्टी दिसली. अक्षर अक्षर लावून तिने वाचलं. यंत्र चालू असताना उठू नये.

"उठता येत न्हाय!" तिने आत कळवलं. "मशीन चालू हाय!"

मग कॉट कुरकुरली, पावलं वाजली, माठावरचं झाकण वाजलं. सिद्धप्पांनी आपल्या हाताने पाणी घेतलं होतं. मल्लव्वा कान टवकारून बसली. आता काहीतरी होईल, घर कोसळेल, निदान पेला तरी फुटेल. काही झालं नाही. तिला इतका आनंद झाला की पदर तोंडात कोंबून हसावं लागलं.

त्या दिवसापासून मल्लव्वाला व्यायामाची गोडी लागली. "व्यायाम पूर्ण झाला," असं बाई म्हणाली की मल्लव्वा हळूच पुटपुटायची, "एक." सून पायल हळद कुठाय म्हणून विचारायला यायची, लाल पट्टी बघून परत जायची आणि हळद डोळ्यांसमोरच्या फळीवर सापडायची. दूध एकदा उतू गेलं, दुसऱ्यांदा नाही. संगमेश सगळ्यांना सांगत सुटला की अव्वाची तब्येत बघा कशी सुधारली. तब्येत सुधारली होती हे खरं. लग्नानंतर आपल्याला कुणी उठवू शकत नाही अशी जागा तिला पहिल्यांदाच मिळाली होती, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

पण सुखाला दृष्ट लागायचीच. बार्शीला दिलेली लेक सिद्धेश्वरी, तिच्या सासूचे गुडघे धरले. ते फोनवर कळताच सिद्धप्पा म्हणाले, "आमची खुर्ची घेऊन जावा. हितं कोण वापरतंय?" आयजीच्या जिवावर बायजी उदार! मल्लव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. कुणी तिला विचारलं नाही, आणि आपण होऊन मागणं तिला येत नव्हतं. तव्यावरच्या धुरात तिने डोळे पुसून घेतले. खुर्चीसाठी आपण रडतो म्हणून लाजही वाटली आणि रडूही थांबेना.

ठरल्या दिवशी सिद्धेश्वरी एसटी स्टँडवरून टेम्पो घेऊन दारात. मल्लव्वा सकाळचं आवरून खुर्चीत बसलेली, डोळे मिटून डावी-उजवीकडे डुलत.

"अव्वा, ऊठ की," सिद्धेश्वरी म्हणाली. "टेम्पोवाला थांबलाय."

"चालू हाय."

सिद्धप्पा पेपरने वारा घेत होते. संगमेश कपाळाचा घाम पुसत होता. सिद्धेश्वरीने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा गप्प होता.

"अव्वा, लाइट गेलीया की!"

मल्लव्वाचं डुलणं थांबलं. सगळे तिच्याकडे बघत होते. पायल फसकन हसली आणि तिने तोंडावर हात धरला. मल्लव्वाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी काही दुभंगेना, तेव्हा तिने डोळे उघडले.

"मशीन बंद हाय, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मी बी बंद हाय. जरा बसू द्या की मला."

सिद्धप्पांनी पेपर खाली ठेवला. पुरुष बाहेर टेम्पोकडे गेले तशी सिद्धेश्वरी आईच्या पायांशी फरशीवर बसली. बार्शीहून पहिल्या एसटीने, त्याआधी घरादाराच्या भाकऱ्या भाजून, ती आली होती आणि आल्यापासून उभीच होती. तिचे सुजलेले घोटे मल्लव्वाने पाहिले.

"राहू दे अव्वा. ठेव तुला खुर्ची," सिद्धेश्वरी म्हणाली.

"न्हाय, घेऊन जा." मल्लव्वा उठली आणि तिने लेकीला लाल पट्टी दाखवली. "सासूला सकाळी बसीव. दुपारी तू बस. हे वाचून दाखव समद्यांस्नी. आन् एकच म्हण, सा म्हणू नगंस."

टेम्पो गेला. मल्लव्वा रिकाम्या कोपऱ्यात भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. आतून सिद्धप्पांनी डबे उघडल्याचे आवाज आले. पायल आत जाऊ लागली तर मल्लव्वाने तिचा हात धरून तिलाही शेजारी बसवलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी बार्शीहून विहीणबाईंचा फोन आला. मल्लव्वा तेव्हाही भिंतीशी बसलेली होती.

"अवो, तुमच्या लेकीला सांगा काई! हाका मारून घसा बसला माजा, खुर्चीतनं उठंना ती!"

"मशीन चालू आसंल," मल्लव्वा म्हणाली.

"चालू कुटली? वायर हितं माज्या हातात हाय!"

मल्लव्वाने पाय लांब पसरले. "मग बसू द्या की तिला, विहीणबाई. तुमी बी टेका शेजारी," ती म्हणाली. "आमच्याकडं चहा हे करायल्यात."